रिपोर्टवरच्या सीईए आणि सीए-125 मागचा इतिहास

कॅन्सर म्हटलं की सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून परळ गाठायचं, हे नाशिककरांच्या एका पिढीला पाठ होतं. आता धुळे, नंदुरबार, मालेगावहून रुग्ण नाशिकला येतात आणि बऱ्याच जणांची केमो इथंच होते. त्यांच्या फाइलींत सीईए, सीए-125, सीए 19-9 ही नावं असतातच. कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांच्या या तपासण्या. पण अलीकडे ती ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजांतही दिसू लागली आहेत. कसलाही त्रास नसलेली माणसं ही तपासणी करून घेतात आणि आकडा जरासा वर गेला की घरादाराची झोप उडते. या तपासण्या ज्या संशोधनातून आल्या, त्याचा इतिहास पाहिला तर ही धास्ती बरीचशी अनाठायी आहे हे लक्षात येतं.

पेशीच्या बाहेरच्या आवरणात प्रथिनं रुतलेली असतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. अशा प्रथिनाला ग्लायकोप्रोटीन म्हणतात; सीईए आणि सीए-125 ही त्यातलीच. चहातल्या साखरेशी किंवा मधुमेहाशी याचा संबंध नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. पेशी एकमेकींना ओळखतात, धरून राहतात, बाहेरचा संदेश घेतात, ते याच प्रथिनांच्या आधारे. पेशी कॅन्सरची झाली की या साखळ्यांना जास्त फांद्या फुटतात, काही अर्धवटच राहतात.

हे पहिल्यांदा दिसलं ते गव्हामुळे. 1963 मध्ये बोस्टनला जोसेफ ऑब यांना असं आढळलं की गव्हाच्या अंकुरातून काढलेल्या एका अर्कामुळे कॅन्सरच्या पेशींच्या गुठळ्या होतात, निरोगी पेशी मात्र सुट्या राहतात. ही करामत ज्या एन्झाइमची वाटली होती त्याची नव्हती. त्यात मिसळलेल्या, साखरेच्या साखळ्यांना चिकटणाऱ्या दुसऱ्याच एका प्रथिनाची होती. मॅक्स बर्गर यांनी 1967 च्या सुमारास ते वेगळं केलं आणि पुढे एक वेगळीच गोष्ट दाखवली. निरोगी पेशींवर ट्रिप्सिनची, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमची, सौम्य प्रक्रिया केली की त्याही गुठळ्या धरू लागतात. म्हणजे ज्या खुणा कॅन्सरच्या म्हणून धरल्या होत्या, त्या निरोगी पेशींवरही होत्या, फक्त झाकलेल्या. माझ्या मते या साऱ्या क्षेत्राचा गाभा याच प्रयोगात आहे. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत यश आलं किंवा फसलं, त्याचं कारण पुष्कळदा इथंच सापडतं.

साखळ्यांच्या जादा फांद्या ओळखायला राजम्यातलं एक प्रथिन कामी आलं. या फांद्यांचा आणि कॅन्सर शरीरभर पसरण्याचा संबंध 1987 मध्ये पुढे आला. आपल्याकडे खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रातही या प्रश्नावर चांगलं काम झालं आहे: उंदरांतल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) पेशी फुप्फुसातच का रुजतात, याचा माग तिथल्या संशोधकांनी याच फांद्यांवरून घेतला.

सीईएचा शोध मात्र वेगळ्या वाटेनं लागला. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी एकाच रुग्णाच्या मोठ्या आतड्यातली गाठ आणि त्याच आतड्याचा निरोगी भाग शेजारी शेजारी तपासला. गाठीविरुद्ध सशांत अँटीबॉडी (ठरावीक खुणेलाच चिकटणारी प्रथिनं) तयार केल्या आणि निरोगी भागाला चिकटणाऱ्या अँटीबॉडी त्यांतून काढून टाकल्या. उरलेल्या अँटीबॉडी ज्याला चिकटल्या तेच हे ग्लायकोप्रोटीन. वजनानं जवळपास निम्मं साखर. ते गर्भाच्या आतड्यातही सापडलं. हे निष्कर्ष 1965 मध्ये छापून आले आणि 1969 मध्ये रक्तातलं सीईए मोजता येऊ लागलं. आता आतड्याचा कॅन्सर थेंबभर रक्तात सापडणार, अशी आशा जगभर पसरली. ती टिकली नाही. धूम्रपान करणाऱ्यांत, यकृताच्या आजारांतही सीईए वाढलेलं निघालं आणि कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यात ते पुष्कळदा वाढलेलंच नव्हतं. पण एक उपयोग पक्का ठरला. शस्त्रक्रियेनंतर खाली गेलेला आकडा पुन्हा चढू लागला तर आजार परतला असण्याची सूचना त्यातून मिळते. आजही ही तपासणी प्रामुख्यानं त्यासाठीच आहे.

सीए-125 ची कथाही याच वळणाची, पण बायकांना बसणारा तिचा फटका जास्त मोठा. 1975 मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच प्रकारच्या अँटीबॉडी हव्या तेवढ्या बनवण्याची रीत शोधली. तीच वापरून रॉबर्ट बास्ट यांनी बोस्टनमध्ये 1981 मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशींना ओळखणारी अँटीबॉडी बनवली. 1983 मध्ये त्यांनी रक्तातली मोजणी प्रसिद्ध केली. 888 निरोगी व्यक्तींपैकी फक्त 1 टक्क्याचा आकडा 35 च्या वर होता, तर अंडाशयाच्या कॅन्सरच्या 101 रुग्णांपैकी 82 टक्क्यांचा. नाशिकच्या रिपोर्टवर आज ‘35 पर्यंत नॉर्मल’ छापलेलं असतं, ते तिथून आलं आहे.

मात्र पाळी, गरोदरपण, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) यांतही सीए-125 वाढतं. आपल्या भागात त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोटाच्या क्षयरोगात ते शेकड्यांत जाऊ शकतं. पोटात पाणी आणि वाढलेला सीए-125 एवढ्यावरून कॅन्सर गृहीत धरला जातो आणि बायोप्सीत टीबी निघतो. म्हणजे गोळ्यांनी बरा होणारा आजार. ब्रिटनमध्ये 2 लाखांहून अधिक स्त्रियांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. त्यांतल्या एका गटात दरवर्षी सीए-125 मोजलं गेलं. कॅन्सर थोडे लवकर सापडले, पण त्यानं होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, असा निष्कर्ष 2021 मध्ये आला. पॅकेज विकताना हे कुणी सांगत नाही, आणि ते सांगायलाच हवं.

तपासणीत जे जमलं नाही ते उपचारांत काही प्रमाणात जमलं. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये हर-टू हे ग्लायकोप्रोटीन पेशीवर फार मोठ्या प्रमाणात असतं आणि असे कॅन्सर जास्त आक्रमक असतात, हे डेनिस स्लेमन यांनी 1987 मध्ये दाखवलं. त्याविरुद्धचं ट्रास्टुझुमॅब हे अँटीबॉडी औषध 1998 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. 2014 मध्ये त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आली. पण हृदयाच्या स्नायूंनाही हर-टू लागतं. म्हणून हे औषध चालू असताना ठरावीक काळानं टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करावाच लागतो, दुसऱ्या गावाहून येणाऱ्याला कितीही जड वाटला तरी.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या, 2023 मध्ये मंजूर झालेल्या नेक्सकार-19 या रक्ताच्या कॅन्सरवरच्या उपचारात रुग्णाच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बदलून सीडी-19 या ग्लायकोप्रोटीनवर सोडतात. सीडी-19 अँटीबॉडी बनवणाऱ्या निरोगी बी पेशींवरही असतं, त्यामुळे त्याही मरतात. बी पेशींशिवाय माणूस जगू शकतो, अँटीबॉडी बाहेरून देता येतात. आतड्याच्या किंवा स्वादुपिंडाच्या गाठींत ही सोय नाही, कारण तिथली ग्लायकोप्रोटीनं इतर अवयवांच्या अस्तरांवरही असतात. म्हणून संशोधक पुन्हा अर्धवट राहिलेल्या साखळ्यांकडे वळले आहेत. एमयूसी-1 हे प्रथिन निरोगी पेशीवरही असतं, पण त्यावरची टीएन नावाची खुंटलेली साखळी मुख्यतः गाठीतच दिसते. तेवढीच जोडी ओळखणाऱ्या टी पेशींनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उंदरांतला स्वादुपिंडाचा कॅन्सर आटोक्यात आणला, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. माणसांवरच्या पहिल्या चाचण्या त्यानंतर सुरू झाल्या.