पेशीतली निरगाठ

मागच्या रविवारी आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका गादीचं प्रात्यक्षिक झालं. गादी साधीसुधी नव्हे. तिच्यातून म्हणे अशी कंपनं निघतात की रात्रभरात शरीरातली पेशी न् पेशी ‘रिचार्ज’ होते. विकायला आलेल्या तरुणाने पाण्याने भरलेला फुगा वर धरला आणि टिचकी मारली. फुगा थुलथुलला. “ही तुमची पेशी. आत नुसतं पाणी, म्हणून तर कंपनं आरपार जातात.” मी हात वर केला. “मॅडम, प्रश्न शेवटी.” शेवटी थेट हप्त्यांचा तक्ताच आला.

त्याला तरी किती दोष द्यायचा? कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना मीसुद्धा फळ्यावर एक लंबगोल काढायचे, मध्ये केंद्रक, दोन-चार तंतुकणिका, आणि उरलेल्या जागेत ‘पेशीद्रव्य’ म्हणून ठिपके देऊन मोकळी व्हायचे. त्या ठिपक्यांच्या जागी खरं तर दोऱ्यांचं घनदाट जाळं असतं, हे सांगायला तास पुरायचा नाही.

फुग्यापेक्षा कितीतरी चांगलं मॉडेल हॉलच्या खिडकीबाहेर उभं होतं. आमच्या इमारतीची दुरुस्ती चालू आहे, त्यामुळे सातही मजले बांबूची परांची बांधली आहे. ती बांधणाऱ्या एका मुलाला मी आदल्याच आठवड्यात विचारलं होतं, एवढा भार या सुतळीवर कसा पेलतो? तो हसून म्हणाला, “खींचो तो और बैठती है.” गाठ ओढली की आणखी बसते. त्याचं हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर पेशीतले हे दोरे बऱ्याच अंशी ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे असतात. 1942 साली हंगेरीतल्या सेगेद इथे ब्रुनो स्ट्रॉब या संशोधकाने ते स्नायूंमधून वेगळं केलं, त्यामुळे बराच काळ ते स्नायूंचंच प्रथिन मानलं जायचं. प्रत्यक्षात ते त्वचेपासून मेंदूपर्यंत सगळीकडे आहे. ॲक्टिनचा एक रेणू म्हणजे 375 अमिनो आम्लांचा गोळा. असे गोळे एकापुढे एक जोडले जाऊन दोन पदरी पीळ तयार होतो. त्याची जाडी 7 नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाचा साधारण दहा हजारावा भाग.

पुस्तकं याला ‘पेशीचा सांगाडा’ म्हणतात. मला हा शब्द कधीच पटला नाही. सांगाडा म्हटलं की हाडं आठवतात, एकदा बसवली की बसवली. ॲक्टिनचा तंतू मात्र एका टोकाला वाढत असतो आणि दुसऱ्या टोकाला सुटत असतो. नवा गोळा येताना एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा, रेणू घेऊन येतो. तो एटीपी काही वेळाने मोडतो आणि त्यावरून तंतूचा तो भाग शिळा झाल्याचं इतर प्रथिनांना कळतं. शिळा भाग तोडला जातो, सुटलेले गोळे पुन्हा पुढच्या टोकाला कामाला लागतात. सरकणाऱ्या पेशीच्या पुढच्या कडेला तर काही मिनिटांतच सगळा माल बदललेला असतो. ही परांचीच. इथले बांबू सोडायचे, तिथे बांधायचे.

आता बळाकडे येऊ. पेशी बळ सोसते तसं लावतेही. मायोसिन हे मोटर-प्रथिन दोन तंतूंना धरून त्यांना एकमेकांवरून सरकवतं आणि सगळं जाळं ताणलेलं राहतं. 1980 साली ॲल्बर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन रबराच्या अतिपातळ पडद्यावर पेशी ठेवल्या, तर चादर मुठीत धरून ओढावी तशा पडद्याला सुरकुत्या पडल्या. फुगा पडद्याला सुरकुत्या पाडू शकत नाही.

रेटा दिला तर काय होतं तेही पाहिलं गेलं आहे. 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी शुद्ध केलेल्या प्रथिनांपासून काचेवर ॲक्टिनचं फांद्याफांद्यांचं जाळं वाढवलं आणि त्याला समोरून अडवलं. जाळं दबलं नाही, उलट जास्त दाट विणलं गेलं. यात पेशी नव्हती, केंद्रक नव्हतं, हुकूम सोडणारं कुणीच नव्हतं. भार पाहून जाळं स्वतःच बदललं.

पण माझा खरा जीव आहे तो गाठींवर.

आपल्याकडे गाठींच्या दोन जाती आहेत. शेवट ओढला की सुटते ती सुरगाठ, ओढू तितकी आवळत जाते ती निरगाठ. रेणूंमधले बहुतेक बंध सुरगाठीसारखे वागतात, जास्त ओढलं की लवकर सुटतात. वर्षानुवर्षं हेच गृहीत होतं. ओढल्यावर अधिक टिकणारा बंध असू शकेल, असं 1988 मध्ये गणिताने सुचवलं आणि 2003 मध्ये पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीला ज्या रेणूंनी चिकटतात, त्यांच्यात तो प्रत्यक्ष मोजला गेला. इंग्रजीत त्याला ‘कॅच बाँड’ म्हणतात. मी आपली निरगाठच म्हणते.

ॲक्टिनच्या टोकाशी या निरगाठी कुठे असतात? पेशी ज्या पृष्ठभागावर बसली आहे तो पकडून ठेवणारी प्रथिनं तिच्या पटलात असतात, ती इंटिग्रिन. त्यांच्यात आणि ॲक्टिनमध्ये दुवा साधणारं लांबुडकं प्रथिन म्हणजे टॅलिन. त्याच्या दांड्यात घड्या घातलेल्या 13 जुड्या ओळीने असतात. त्यातली तिसरी सगळ्यात कच्ची. साधारण 5 पिकोन्यूटन बळ लागलं की ती उलगडते. पिकोन्यूटन म्हणजे किती, तर रक्तातल्या एका तांबड्या पेशीचं वजन जवळपास 1 पिकोन्यूटन भरतं. पाच तांबड्या पेशी टांगल्या की जुडी उलगडली, समजा. उलगडली की आत दडलेल्या जागा उघड्या पडतात आणि तिथे व्हिन्क्युलिन हे दुसरं प्रथिन येऊन बसतं. व्हिन्क्युलिनचा दुसरा हात ॲक्टिनला धरतो. म्हणजे जिथे ओढ जास्त, तिथे ज्यादा बंध आपोआप.

इथपर्यंत आलात तर आणखी एक पायरी चढा. व्हिन्क्युलिनने ॲक्टिनला धरलं तो बंधही निरगाठच आहे, असं 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत दिसलं. लेझरच्या चिमट्याने एकेक रेणू ओढून बंध किती वेळ टिकतो ते मोजलं. ओढ काही पिकोन्यूटनपर्यंत वाढवत नेली तसा बंध जास्त टिकला. त्याहून गंमत म्हणजे तंतूच्या एका टोकाकडे ओढलं तर तो कितीतरी जास्त टिकतो, दुसऱ्या टोकाकडे ओढलं तर तितका नाही. दिशा कळणारी गाठ! असं होतं कारण अशा बंधाच्या दोन अवस्था असतात, एक सैल पकडीची आणि एक घट्ट पकडीची. ओढ नसताना रेणू बहुधा सैल अवस्थेत असतो. योग्य दिशेने ओढलं की त्याचा आकार किंचित बदलतो आणि तो घट्ट अवस्थेत जातो. फारच ओढलं तर मात्र तीही सुटते.

इथे माझी उपमा थोडी लंगडी पडते, कबूल आहे. आपली निरगाठ ओढ थांबली तरी आवळलेलीच राहते, मग नखं मोडतात. पेशीतली निरगाठ मात्र ओढ थांबली की सैल होते. म्हणून तर पेशीला एका जागी घट्ट धरता येतं आणि पुढच्या क्षणी तिथून निघताही येतं.

तंतूंची जुडगी कधी ताणाने फाटतातही. तेव्हा झिक्सिन नावाचं प्रथिन नेमकं फाटलेल्या जागी गोळा होतं आणि डागडुजीचा माल बोलावतं, हे 2010 मध्ये दिसलं. त्याला जागा कशी कळते हे कोडं होतं. झिक्सिनच्या जातीतली काही प्रथिनं ताणलेला तंतू आणि सैल तंतू यांतला फरक ओळखतात, असं 2020 मध्ये स्पष्ट झालं.

या सगळ्याचा उपयोग काय? पेशीला आपण कशावर बसलोय ते कळतं. 2006 च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात मूलपेशी, म्हणजे पुढे कोण व्हायचं ते अजून न ठरलेल्या पेशी, वेगवेगळ्या मऊपणाच्या थरांवर वाढवल्या होत्या. मेंदूइतक्या मऊ, 1 किलोपास्कलच्या (हे कडकपणाचं माप) आतल्या थरावर त्या चेतापेशींच्या दिशेने वळल्या, 10 च्या आसपास स्नायूंच्या, 25 ते 40 वर हाडांच्या. मायोसिन बंद पाडलं तर हा फरक उरत नव्हता. चाचपून पाहणारे हातच बांधून ठेवल्यासारखं ते झालं. त्या निबंधाच्या चार लेखकांपैकी शमिक सेन पुढे आपल्या पवईच्या आयआयटीत आले. ही बातमी केंद्रकापर्यंत पोचते कशी, याचा एक धागा 2011 मध्ये इटलीतल्या पादुआत सापडला. थर कडक असेल तर याप नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि तिथली जनुकं जागी करतं.

आता गादीवाल्याने हे वाचलं तर तो खूश होईल, ‘बघा, पेशींना बळ कळतं!’ कळतं, पण कुठलं, किती, कोणत्या दिशेने आणि कशाला धरून, यावर सगळं ठरतं. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी रक्ताच्या प्रवाहाच्या दिशेने स्वतःला लावून घेतात. त्याच पेशी ताणणाऱ्या-सैलावणाऱ्या रबरावर ठेवल्या तर ताणाला आडव्या वळतात. स्तनातली कर्करोगाची गाठ हाताला कडक लागते, आणि तो कडकपणाच पेशींना वाढीकडे ढकलायला हातभार लावतो. ‘पेशी उत्तेजित करणं’ ही काही सरसकट चांगली गोष्ट नाही. फुग्याला टिचकी मारून यातलं काहीच कळत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गादी घेतली, बारा हप्त्यांवर. परवा जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, “झोप छान लागते गं.” नव्या गादीवर लागतेच.