नरिमन पॉइंटला खिडकीजवळचं टेबल: आरक्षणाआधी हे वाचा

नरिमन पॉइंटच्या उंच इमारतींतल्या रेस्टॉरंटांमध्ये आम्ही ग्राहकांसाठी टेबल ठरवतो आणि जेवणाचा क्रम आधीच तिथल्या स्वयंपाकघराशी बोलून घेतो. टेबल मिळालं तरी देखावा हुकतो, तो बहुतेक वेळा चुकीच्या वेळेमुळे.

मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला ७:२०च्या आसपास. मावळण्याची जागाही सरकते. जूनमध्ये तो उजवीकडे, मलबार हिलच्या टोकाजवळ उतरतो. डिसेंबरात बराच डावीकडे, मोकळ्या समुद्रावर. म्हणून जूनमध्ये आवडलेलं टेबल डिसेंबरात खांबाआड जाऊ शकतं. आरक्षण करताना नेमकी तारीख सांगा, टेबल त्यावरून निवडता येतं.

सूर्यास्ताआधी ४० मिनिटं पोहोचा. शेवटच्या अर्ध्या तासात ऊन थेट डोळ्यांत येतं आणि पडदे खाली सोडावे लागतात. ते पुन्हा कधी वर घ्यायचे, हे वेटरला आधीच सांगून ठेवा, कारण गर्दीत ते हमखास राहून जातं. खरी वेळ सूर्य बुडाल्यानंतरची २० ते २५ मिनिटं. आकाश अजून निळं असतं आणि गिरगाव चौपाटीकडे वळत गेलेल्या मरीन ड्राइव्हचे दिवे लागलेले असतात. पुढे पूर्ण अंधार पडला की काच आरसा होते: आतला प्रत्येक दिवा तिच्यात दिसतो आणि बाहेरचं पुसट होतं. टेबलावरचा दिवा मंद करून घ्या. छतावरच्या दिव्याखालचं टेबल आम्ही शक्यतो घेतच नाही.

आता जेवणाचा क्रम. सात पदार्थांच्या टेस्टिंग मेन्यूला, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकामागून एक येणाऱ्या छोट्या पदार्थांना, अडीच ते तीन तास लागतात, दोन पदार्थांमध्ये १५-२० मिनिटं जातात. सूर्यास्ताच्या सुमाराला मुख्य पदार्थ आला तर सगळे फोटो काढण्यात गुंतलेले असतात आणि ताट थंड होतं. मासा सर्वांत आधी बिघडतो. स्वयंपाकघरात ताटं गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली थांबवून ठेवला की तो आतून शिजतच राहतो आणि कोरडा पडतो. म्हणून आल्या आल्या फक्त पेय आणि एखादा थंड पदार्थ मागवा. गरम ताटं निळी वेळ संपल्यावर.

जैन जेवण किंवा ॲलर्जी असेल तर किमान ४८ तास आधी कळवा. टेस्टिंग मेन्यूचे स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून काढलेलं पाणी) आणि सॉस आदल्या दिवशी तयार होतात. त्यात गेलेला कांदा-लसूण ऐनवेळी काढता येत नाही, मग तुमच्या वाट्याला साधी सॅलडं येतात. संकष्टीचा उपास असलेल्यांनी तारीखच बदललेली बरी. चंद्रोदय बहुधा रात्री उशिरा होतो, शिवाय चंद्र पूर्वेला उगवतो आणि आपली खिडकी पश्चिमेकडे असते.

दोघांसाठी समोरासमोर बसण्याऐवजी टेबलाच्या लगतच्या दोन बाजू मागा, म्हणजे दोघांनाही समुद्र दिसतो. सहाहून जास्त माणसं असतील तर लांब टेबल खिडकीला काटकोनात लागतं आणि देखावा टोकाच्या दोघांनाच मिळतो. त्यापेक्षा शेजारची दोन टेबलं चांगली. काचेजवळ एसीचा झोत बरेचदा थेट अंगावर येतो. आजी-आजोबा असतील तर शाल आणा.

पावसाळ्यात गच्चीवरची जागा धरू नका. बंद काचेतूनही धूसर दिसतं, कारण एसीने गार झालेल्या काचेवर बाहेरची दमट हवा धरते आणि ते पाणी आतून पुसता येत नाही. हिवाळ्यात धुरकं असतं. पाऊस नुकताच ओसरल्यावरचे स्वच्छ दिवस आम्हाला सर्वांत आवडतात.

पेहरावाची चौकशी आम्ही आधीच करून देतो. काही ठिकाणी पुरुषांना चपला घालून आत सोडत नाहीत, कोल्हापुरी असली तरी.

बिल येतं तेव्हा एवढं पाहा. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. खोलीचं भाडं ₹७,५००च्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर व्हॅट वेगळा. सेवाशुल्क ऐच्छिक आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. ते आपोआप लावलं असेल तर काढायला सांगा. सेवा आवडली तर टीप थेट वेटरच्या हातात द्या. मद्यासाठी महाराष्ट्रात वयाची अटही आहे, वाइन आणि सौम्य बिअरला २१, बाकीला २५. तरुण पाहुण्यांनी ओळखपत्र आणावं.

संध्याकाळी ऑफिसं सुटतात तेव्हा गाडी दारापर्यंत आणण्यात सूर्यास्त निघून जातो. मेट्रो ३ने विधान भवन स्थानकाला उतरा, किंवा चर्चगेटहून चालत या. रविवारी मात्र हा भाग रिकामा असतो आणि गाडीही चालते.