पापपुण्याची वही कोण लिहितं? आरपीजी गेममधल्या नैतिक निवडीची पार्श्वभूमी

१९८५ सालच्या 'अल्टिमा ४' या गेममध्ये मंत्रांसाठी लागणाऱ्या जडीबुटी विकणारे दुकानदार आंधळे आहेत. ते मालाची किंमत सांगतात आणि खेळाडूने किती मोहरा द्यायच्या ते खेळाडूवर सोडतात. कमी दिल्या तरी कोणी हटकत नाही. माल मिळतो, स्क्रीनवर पापपुण्याचा एकही आकडा हलत नाही. आत कुठेतरी मात्र प्रामाणिकपणाच्या खात्यातून गुण वजा झालेले असतात, आणि खेळाडूला ते कळेपर्यंत बराच काळ लोटतो.

नैतिक निवड असलेला कुठलाही रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा आरपीजी, हातात घेतला की मी आधी एवढंच बघतो: पापपुण्याची वही कोण लिहितंय, आणि ती खेळाडूला उघडून दाखवली आहे का? या गेम्सचा बराचसा इतिहास या दोन प्रश्नांनी उलगडतो.

सुरुवात पापपुण्यापासून झालेलीच नाही. १९७१ साली 'चेनमेल' नावाचं छोट्या सैनिक-बाहुल्यांच्या लढायांचं नियमपुस्तक निघालं. त्याच्या काल्पनिक जगाच्या पुरवणीत ड्रॅगन, एल्फ, जादूगार वगैरे मंडळींची वाटणी 'व्यवस्था' आणि 'अनागोंदी' अशा दोन बाजूंत केली होती, मधे काही तटस्थ. लढाईत कोण कोणाच्या बाजूला उभं राहणार, हे ठरवण्यापुरतीच ती यादी होती. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, टेबलाभोवती बसून खेळायचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला तेव्हा हेच तीन गट 'अलाइनमेंट' म्हणून त्यात आले. पुढे गायगॅक्सने फेब्रुवारी १९७६ च्या एका लेखात व्यवस्था-अनागोंदी आणि भलं-वाईट असे दोन वेगळे अक्ष मांडले, आणि १९७८ च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीच्या खेळाडू-पुस्तिकेत नऊ घरांचा तक्ता पक्का झाला. 'लॉफुल गुड' (व्यवस्थेचा आणि भला) पासून 'केऑटिक ईव्हिल' (अनागोंदीचा आणि वाईट) पर्यंतची ती नऊ नावं आज गेम न खेळणाऱ्यांच्याही ओळखीची आहेत.

या तक्त्यावर टीका पुष्कळ झाली, आणि ती रास्तही आहे. पण टेबलावर तो चालत होता, कारण समोर खेळ चालवणारा, डंजन मास्टर नावाचा जिवंत माणूस बसलेला असे. तुमच्या पात्राने शरण आलेल्या शत्रूला मारलं तर तो थांबून विचारू शकत असे, "का मारलंस?" उत्तर पटलं तर नोंद एक, नाही पटलं तर दुसरी. तक्ता हे त्याच्या हातातलं नुसतं टिपण होतं, निवाडा तो स्वतः करत असे. संगणकावर गेम आले तेव्हा टिपण तेवढं सोबत आलं, निवाडा करणारा माणूस मागेच राहिला.

ते १९८१ च्या 'विझर्ड्री'तच दिसतं. त्यात पात्रं भली, तटस्थ किंवा वाईट असतात. भल्या आणि वाईटांना एकत्र टोळी बांधता येत नाही. वाटेत स्नेहाने वागणारे राक्षस भेटले की त्यांना जाऊ द्यायचं की त्यांच्यावर तुटून पडायचं, एवढ्यावरून पात्राची बाजू बदलू शकते. का मारलं, हे विचारायची सोय नाही.

'अल्टिमा'चा कर्ता रिचर्ड गॅरियटने ही उणीव भरायचा पहिला मोठा प्रयत्न केला. त्याच्या आधीच्या गेममध्ये लोक दुकानं लुटत, गावकऱ्यांना मारत, आणि शेवटी खलनायकाला संपवून वीर ठरत. चाहत्यांची आणि पालकांची पत्रं वाचताना त्याच्या लक्षात आलं की असं वागायला त्याच्या गेमनेच शिकवलं होतं, कारण जिंकायचा सोपा मार्ग तोच होता. म्हणून 'अल्टिमा ४'मध्ये त्याने खलनायकच काढून टाकला. ध्येय उरलं ते स्वतः 'अवतार' होण्याचं. हा शब्द त्याने हिंदू परंपरेतूनच घेतला होता. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता असे आठ सद्गुण, आणि प्रत्येकाचं खातं पडद्याआड. भिकाऱ्याला दान दिलं की करुणा वाढते, रक्तदान केलं की त्याग वाढतो, गप्पांत बढाई मारली की नम्रता उतरते. खेळाची सुरुवातही पत्ते मांडून बसलेल्या एका भविष्यवेत्तीच्या प्रश्नांनी होते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण समोरासमोर असतात आणि एकच निवडता येतो. उत्तरांवरून पात्र योद्धा होणार की मेंढपाळ की आणखी कोणी, ते ठरतं. चांगलं विरुद्ध वाईट असा सोपा कौल तिथे मागितलेला नाही. नंतर आलेल्या कितीतरी गेम्सना ही साधी गोष्ट साधली नाही.

आपण कुठवर आलो हे जाणून घ्यायचं तर राजवाड्यातल्या हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याकडे जायचं. तो शब्दांत सांगतो, आकड्यांत नाही.

गॅरियट इथेच थांबला नाही, याचं मला फार मोल वाटतं. १९८८ च्या पाचव्या भागात ब्लॅकथॉर्न हा सत्ताधारी त्याच आठ सद्गुणांचे कायदे करतो: खोटं बोलाल तर जीभ गमवाल. खेळाडूने स्वतःहून जोपासलेल्या गोष्टी शिक्षेच्या धाकाने लादल्या की त्यांचा जुलूम होतो, हे त्या गेममध्ये वावरताना कळत जातं. १९९० च्या सहाव्या भागात तर गार्गॉइल जमात खेळाडूच्या अवताराकडे आपला विनाश करणारा खोटा प्रेषित म्हणून बघते, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं म्हणणं खरं असतं. चौथ्या भागात ज्या ग्रंथासाठी एवढी साधना केली, तो मुळात त्यांचा होता.

जपानमध्ये त्याच सुमारास वेगळी वाट धरली गेली. १९९२ च्या 'शिन मेगामी टेन्सेई'मध्ये व्यवस्था आणि अनागोंदी या शब्दांचा मूळ, बाजू ठरवण्याचा अर्थ परत आला. तो सर्वात धारदार झाला १९९५ च्या 'टॅक्टिक्स ओगर'मध्ये. नायक डेनिमला वरून हुकूम येतो: बाल्मामुसा या गावातल्या आपल्याच लोकांची कत्तल करायची आणि आळ शत्रूवर घ्यायचा, म्हणजे बाकीचे पेटून उठतील. हुकूम मानला तर पुढची वाट 'व्यवस्थे'ची, नाकारला तर 'अनागोंदी'ची. 'लॉ' हा शब्द तिथे वाचताना अंगावर येतो, कारण गेमने तो भलेपणाच्या अर्थाने वापरलेलाच नाही.

अमेरिकेत १९९७ च्या 'फॉलआउट'ने वही दोन ठिकाणी ठेवली. एक 'कर्मा' नावाचा आकडा, आणि दुसरी शेवटची चित्रमालिका. खेळ संपल्यावर एकेका वस्तीचं पुढे काय झालं ते सांगितलं जातं. या दुसऱ्या वहीबद्दलची एक गोष्ट फार बोलकी आहे. जंकटाउन या वस्तीत किलियन हा सरळमार्गी कायदारक्षक आणि गिझ्मो हा जुगारअड्ड्याचा लबाड मालक यांच्यात एकाची बाजू घ्यायची असते. मूळ आराखड्यात किलियन जिंकला तर त्याच्या कडक शिस्तीने गाव आक्रसून जाणार होतं, आणि गिझ्मो जिंकला तर भरभराट होणार होती. प्रत्यक्ष बाजारात आलेल्या गेममध्ये हे उलटवलं गेलं. चांगल्याला मदत केली, चांगलं झालं. एक अवघड प्रश्न शेवटच्या टप्प्यात सोपा करून टाकला गेला. पुढच्या पंधरा वर्षांत या क्षेत्राने अनेकदा हाच सोपा रस्ता धरला.

त्याचा सर्वात यशस्वी नमुना म्हणजे बायोवेअर या कंपनीचा २००३ चा 'स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'. तिथे वही उघडी आहे. पात्राच्या पानावर वर उजेड आणि खाली अंधार अशी पट्टी, आणि प्रत्येक कृतीनंतर ती सरकताना दिसते. अंधाराकडे गेलात की चेहरा पांढराफटक पडतो. खरी गोम आकडेमोडीत आहे. उजेडाकडे झुकलेल्याला उजेडाच्या शक्ती वापरायला ऊर्जा कमी लागते आणि अंधाराच्या शक्तींना जास्त. उलट बाजूला उलट. टोकाला पोहोचणाऱ्याला वेगळं बक्षीस आहे, मधे राहणाऱ्याला काहीच नाही. त्यामुळे खेळाडू एकदाच ठरवतो की या खेपेला आपण चांगले किंवा वाईट, आणि पुढचे तीस-चाळीस तास त्या रांगेतली उत्तरं निवडत जातो. समोरच्या प्रसंगाचा विचार करायची गरजच पडत नाही. पुढच्या वर्षीच्या 'फेबल'ने हेच शरीरावर आणलं, पुण्यवानाला प्रभामंडल आणि पाप्याला शिंगं.

२००७ च्या 'मास इफेक्ट'मध्ये सज्जनपणाचं निळं 'पॅरागॉन' आणि दांडगाईचं लाल 'रेनेगेड' अशी दोन स्वतंत्र खाती होती, एकाने दुसरं खोडलं जात नव्हतं. चांगला बदल होता. पण २०१० च्या दुसऱ्या भागात मिरांडा आणि जॅक या दोन साथीदारांचं कडाक्याचं भांडण होतं, आणि दोघींची निष्ठा टिकवणारं उत्तर द्यायला एका रंगाचे भरपूर गुण आधीच साठवलेले असावे लागतात. नसतील तर एक दुरावते, आणि शेवटच्या मोहिमेत त्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. म्हणजे प्रत्येक प्रसंगी मनाला पटेल ते करणारा खेळाडू इथे अडतो, आणि डोळे झाकून निळं उत्तर दाबणारा सुटतो. बायोवेअरच्या एका माजी डिझायनरने २०२० मध्ये सांगितलं होतं की सुमारे ९२ टक्के खेळाडू पॅरागॉनच खेळले. लोक स्वभावाने सज्जन असतात, असा त्याचा अर्थ काढता येईल. मला वाटतं, उत्तरावर आधीच रंग लावला की बहुतेक जण चांगला रंग उचलतात, इतकंच त्यातून कळतं.

'कर्मा' या शब्दाबद्दल इथे थोडं थांबतो, कारण मराठी वाचकाला तो खटकणारच. २००८ च्या 'फॉलआउट ३'मध्ये मेगाटन ही अख्खी वस्ती अणुबॉम्बने उडवता येते. कर्माचा आकडा धाडकन खाली येतो. पण मग तहानलेल्या भिकाऱ्यांना शुद्ध पाण्याच्या बाटल्या देत राहिलं की तोच आकडा पुन्हा वर चढतो. आपण कर्म म्हणतो ते असं वजाबाकीने मिटत नाही. केलेल्या चांगल्याचं फळ वेगळं, वाईटाचं वेगळं, आणि दोन्ही भोगायची. गंमत नव्हे, खरोखरच लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की दोनच वर्षांनी आलेला 'फॉलआउट: न्यू वेगास' या अर्थाच्या जवळ गेला. तिथे प्रत्येक गटाकडे तुमची कीर्ती आणि अपकीर्ती वेगवेगळी मोजली जाते. ज्यांचे लोक तुम्ही मारले त्यांना नंतर कितीही मदत केलीत तरी ते मारणं विसरत नाहीत. फक्त तुमच्याकडे गोंधळून बघू लागतात. जुना कर्माचा आकडाही त्या गेममध्ये आहे, पण त्याला फारसं कोणी विचारत नाही. २०१५ च्या चौथ्या भागात तो काढूनच टाकला.

वही लपवण्याची दुसरी युक्ती पोलंडहून आली. २००७ च्या 'द विचर'मध्ये एका रात्री नदीकाठी मालाची राखण करताना बंडखोर एल्फ येतात आणि खोकी मागतात. द्यायची की नाही? दिली, तर त्या क्षणी काही होत नाही. कित्येक तासांनी, पुढच्या अंकात, तपासात हवा असलेला एक माणूस त्याच बंडखोरांनी मारलेला आढळतो. गेम सेव्ह करून ठेवायचा, एक उत्तर द्यायचं, परिणाम आवडला नाही तर मागे जाऊन दुसरं द्यायचं, ही खेळाडूंची जुनी सवय. परिणाम इतका उशिरा आल्यावर ती सवय निरुपयोगी ठरते. कोणी पन्नास पावलं मागे जात नाही. झालं ते घेऊन पुढे जावं लागतं.

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'ने २००९ मध्ये पापपुण्याची पट्टी काढून निवाडा साथीदारांच्या हाती दिला. एकाच कृतीवर एक खूश, दुसरी नाराज. कल्पना उत्तम होती, पण मर्जीचा आकडा दिसत होता आणि भेटवस्तू देऊन तो वाढवता येत होता, त्यामुळे काही खेळाडू पुन्हा हिशेबावर आले.

टोबी फॉक्सच्या २०१५ च्या 'अंडरटेल'ने सेव्ह फाइललाच साक्षीला बसवलं. सुरुवातीला आईच्या मायेने सांभाळणाऱ्या टोरिएलला तुम्ही मारलंत, अपराधी वाटून गेम बंद केलात, मागून लोड करून तिला वाचवलंत, तरी पुढे भेटणारं फ्लाउई नावाचं बोलकं फूल म्हणतं की तू काय केलंस ते मला माहीत आहे. त्यात पात्राची पातळी दाखवणारा 'लव्ह' हा आकडा म्हणजे प्रेम नव्हे, हिंसेची पातळी. हे शेवटी सांगितलं जातं, तोवर खेळाडू ते प्रत्येक आरपीजीसारखं आनंदाने वाढवत आलेला असतो.

आणि २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३'. मुळात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांवरचा हा गेम, पण नऊ घरांचा तक्ता खेळाडूच्या पात्रावर कुठेच लावलेला नाही. पॅलाडिन, म्हणजे शपथेने बांधलेला योद्धा, निवडला तर शपथ मोडल्यावर तो शक्ती गमावतो. जुन्या पुस्तिकांतही जाणूनबुजून दुष्कर्म करणाऱ्या पॅलाडिनचं पद जात असे. नेमकी कुठली कृती शपथ मोडेल याची पट्टी इथे दिसत नाही. मोडली की रात्री तळावर एक चिलखतधारी येऊन उभा राहतो. स्वतः कधीकाळी शपथ मोडलेला, शांत आवाजाचा. तो रागावत नाही. काय झालं ते बोलायला लावतो, आणि मग विचारतो: ही नवी वाट धरतोस, की १००० मोहरा देऊन जुनी शपथ परत घेतोस?