डाव्या पिळाचं सूत

दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "पण त्यांना चाक कुठे ठाऊक होतं?" गाडीचं नव्हतं, खरं आहे. चरखाही स्पॅनिश लोकांनीच नेला. पण पेरूच्या किनाऱ्यावर इंकांच्या आधीच्या चांकाय संस्कृतीच्या काळातल्या (सुमारे इ.स. १००० ते १४५०) थडग्यांत बायकांच्या कामाच्या टोपल्या सापडतात. आत कापूस, सूत आणि टकळ्या. दोन्ही टोकांना निमुळती अशी काडी, तिच्यावर बोराएवढा रंगवलेला मातीचा मणी. गळ्यातला वाटतो, पण तो चाकाचंच काम करतो. वजन आसाला चिकटून असल्यामुळे चिमटीच्या एका झटक्यात टकळी भन्नाट फिरते. लोकरीच्या मानाने कापसाचा तंतू आखूड, त्याला पीळ जास्त लागतो, म्हणून हा वेग हवा.

पीळ म्हणजे नक्की काय? हातभर दोरा घ्या. एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसरं एकाच दिशेने पिळत राहा. दोरा कुरकुरायला लागला की मधोमध बोट लावून दुमडा आणि बोट काढून घ्या. दोन्ही पदर आपोआप एकमेकांभोवती गुंडाळतात, आणि तेही उलट दिशेने! पिळलेला प्रत्येक तंतू सरळ व्हायला धडपडत असतो. उलट्या वळणात ती धडपड बरीचशी जिरते. अँडीजच्या डोंगरात लामा-अल्पाका या उंटाच्या कुळातल्या प्राण्यांची लोकर आजही अशीच कातली जाते. एकेरी सुताचा पीळ इंग्रजी 'झेड'च्या तिरप्या रेघेसारखा, दुपदरीचा 'एस'सारखा.

गंमत पुढे आहे. विणायचं सूत मजबुतीसाठी आणखी करकचून पिळतात. मग थोडी धडपड उरतेच, आणि दाट विणीच्या कापडाचे काठ वळायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे काठाला उलट पिळाचं सूत घालायचं. एकाचा जोर उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे, काठ सपाट. अँडीजमधल्या क्वेचुआ भाषेत या सुताला 'ल्योके' म्हणतात, म्हणजे डावं. हेच सूत वाईट शक्ती दूर ठेवतं म्हणून मनगटाला, घोट्यालाही बांधतात. आपल्या काळ्या दोऱ्याचं भावंडच. बाधेचं मला पटत नाही, पण काठाचं गणित चोख आहे.

ल्योके कातायला वेगळं साधन लागत नाही. तीच टकळी उलटी फिरवायची. उजव्या हाताला ते अवघड जातं, एवढंच.