दुर्मीळ कार्ड आणि महाग कार्ड

जुन्या ट्रेडिंग कार्डांचा गठ्ठा हातात आला की बहुतेक जण आधी कोपऱ्यातला तारा शोधतात, नाहीतर कार्डावर छापलेला '१७/५०' (म्हणजे पन्नास प्रतींपैकी सतरावी) असा आकडा. तो सापडला की मनातल्या मनात हिशेब होऊनही जातो: दुर्मीळ आहे, म्हणजे चांगले पैसे येणार. या हिशेबात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. दुर्मीळपणा म्हणजे त्या कार्डाच्या प्रती जगात किती आहेत, एवढंच. ती प्रत हवी असलेली माणसं किती आणि ती खिशात किती खोल हात घालतील, यावर किंमत ठरते. एक गोष्ट छापखान्यात ठरते, दुसरी बाजारात.

हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळाच्या १९९३ सालच्या पहिल्या, म्हणजे अल्फा आवृत्तीत. त्यातल्या प्रत्येक 'रेअर', म्हणजे सर्वांत कमी छापायच्या गटातल्या, कार्डाच्या साधारण ११०० प्रती छापल्या गेल्या. ब्लॅक लोटस त्यांतलंच एक आणि प्युअरलेसही त्यांतलंच. दोन्ही सारखीच दुर्मीळ. पण ब्लॅक लोटस काहीही खर्च न करता खेळाडूला एकदम तीन 'मॅना' (पत्ते खेळायला लागणारी शक्ती) देतं, म्हणजे पहिल्याच खेळीत इतरांच्या कितीतरी पुढे नेऊन ठेवतं. प्युअरलेस एखाद्या कार्डाचा रंग पांढरा करतं, बस्स. २०२१ च्या जानेवारीत अल्फा ब्लॅक लोटसची एक प्रत ५,११,१०० डॉलरना विकली गेली. प्युअरलेस त्या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही, कारण ते आपल्या गड्डीत असावं असं वाटणारी माणसंच फार थोडी. त्याला जे काही गिऱ्हाईक मिळतं ते बहुतेक पूर्ण अल्फा संच जमवू पाहणाऱ्यांचं.

याच्या अगदी उलट उदाहरण बेसबॉल कार्डांत आहे, आणि ते जास्त चकवणारं आहे. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या संचातलं मिकी मँटलचं ३११ क्रमांकाचं कार्ड २०२२ च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. एवढी किंमत ऐकून जगात त्याच्या दोन-चारच प्रती असतील असं वाटतं. प्रत्यक्षात संचाच्या त्या शेवटच्या मालिकेत मँटलचं कार्ड छपाईच्या तावावर दोनदा घेतलं होतं. त्यामुळे त्याच मालिकेतल्या बहुतेक खेळाडूंपेक्षा मँटलच्या प्रती जास्तच निघाल्या. या मालिकेचा न खपलेला साठा टॉप्सने १९६० मध्ये अटलांटिक समुद्रात बुडवला, ही गोष्ट विक्रेते मँटलचं कार्ड विकताना हमखास सांगतात. पण समुद्राने खेळाडूंची नावं वाचून कार्डं निवडून घेतली नाहीत. शेजारच्या साध्या खेळाडूची कार्डंही तितकीच बुडाली, आणि तरी ती मँटलपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. मँटल न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा तारा होता, ते कार्ड युद्धोत्तर कार्डांच्या छंदाचं जणू चिन्हच बनलं, आणि लहानपणी त्याचा खेळ पाहिलेल्या पिढीच्या हाती पुढे पैसा आला. किंमत तिथून आली.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी. एवढ्या किमतीला गेलेली ती प्रत कुठलीही मँटल नव्हती, तिला एसजीसी या ग्रेडिंग कंपनीने, म्हणजे कार्डाची स्थिती तपासून दहापैकी दर्जा देणाऱ्या कंपनीने, ९.५ दर्जा दिला होता. मँटलची कार्डं मिळतात. धारदार कोपऱ्यांची, मधोमध छपाई बसलेली, डाग नसलेली मँटल जवळजवळ मिळत नाही. म्हणजे दुर्मीळपणा इथे आहे, पण तो कार्डाचा नसून स्थितीचा आहे. त्यामुळे 'हे कार्ड कितीला जातं?' हा प्रश्न दर्जा सांगितल्याशिवाय अर्धवटच राहतो.

ग्रेडिंग कंपन्या कोणत्या कार्डाच्या कोणत्या दर्जाच्या किती प्रती आपल्याकडे येऊन गेल्या याची यादी ठेवतात. संग्राहक तिला 'पॉप रिपोर्ट' म्हणतात ('पॉप' म्हणजे पॉप्युलेशन, प्रतींची संख्या), आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. 'पॉप १' म्हणजे जगात एकच प्रत, असं विक्रेता सुचवतो. खरा अर्थ एवढाच की त्या दर्जाची एकच प्रत त्या कंपनीकडे पोहोचली. साध्या कार्डावर ग्रेडिंगची फी घालवायला कुणी तयार नसतं, म्हणून तिथला आकडा लहान राहतो. लोकप्रिय कार्डाचा आकडा फुगतो तो प्रत्येक जण ते पाठवतो म्हणून. त्यात वरचा दर्जा मिळेल या आशेने ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीतून काढून पुन्हा पाठवलेलं कार्ड दोनदाही मोजलं जाऊ शकतं. 'लो पॉप' हा शब्द जाहिरातीत दिसला की मी तरी आधी विचारतो, हे कार्ड कुणाला हवंय?

कार्डावर छापलेल्या खुणांचंही तसंच. पोकेमॉनच्या कार्डावरचा काळा गोल, चौकट आणि तारा हे पाकिटातून ते कार्ड निघण्याचं प्रमाण दाखवतात. जगातल्या एकूण प्रती ते सांगत नाहीत. हल्ली पोकेमॉन कार्डं वर्षाला अब्जावधी छापली जातात, तेव्हा ताऱ्याच्या कार्डांचाही डोंगर असू शकतो. अनुक्रमांक घातलेल्या कार्डांवरचा आकडा खरा असतो, पण तो फक्त त्या एका रंगछटेपुरता. एकाच खेळाडूचं एकच छायाचित्र लाल, निळ्या, सोनेरी अशा कित्येक छटांत काढायचं आणि प्रत्येकीवर वेगळा आकडा टाकायचा, ही आताच्या कंपन्यांची सरळसरळ विक्रीची युक्ती आहे. चुकीच्या छपाईची काही कार्डं तर एकमेवच असतात, आणि त्यांतली बरीच कुणी विचारतही नाही.

मायकल जॉर्डनचं १९८६ च्या फ्लीअर संचातलं ५७ क्रमांकाचं कार्ड घ्या. पीएसए कंपनीने १० दर्जा दिलेल्या त्याच्या तीनशेच्या वर प्रती आहेत. २०२१ च्या जानेवारीअखेर अशा दोन प्रती प्रत्येकी ७,३८,००० डॉलरना गेल्या. काही महिन्यांतच त्याच दर्जाची प्रत निम्म्याहून कमी किमतीत मिळू लागली. दरम्यान जगातल्या प्रती दुप्पट झाल्या नव्हत्या. टाळेबंदीच्या काळात या छंदात शिरलेला पैसा ओसरला, एवढंच.

दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की मात्र किंमत वेड्यासारखी वाढते. पोकेमॉनचं पिकाचू इलस्ट्रेटर हे कार्ड जपानमध्ये १९९७-९८ च्या चित्रस्पर्धांतून ३९ जणांना दिलं गेलं. प्रती मोजक्या, आणि पिकाचू जगभर लाडका. पीएसए १० दर्जाच्या त्याच्या प्रतीचा सौदा २०२१ मध्ये ५२ लाख ७५ हजार डॉलरना झाला.

दुर्मीळपणा यादीत पाहता येतो, मागणी मात्र झालेल्या व्यवहारांतूनच वाचावी लागते. विक्रेत्याने लावलेली किंमत ही त्याची इच्छा असते, ती वर्षभर तशीच लटकत राहू शकते. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची गाळणी लावून त्याच कार्डाचे, त्याच दर्जाचे, अलीकडचे सौदे पाहावेत, आणि किंमतीइतकंच लक्ष दोन सौद्यांमधल्या अंतराकडे द्यावं. दर आठवड्याला विकल्या जाणाऱ्या कार्डाच्या भावावर विश्वास ठेवता येतो. दोन वर्षांतून एकदा विकलं गेलेलं कार्ड कदाचित फक्त दोन हट्टी संग्राहकांमुळे तेवढ्यावर चढलेलं असतं. लिलावात भाव वर नेतो तो हरलेला माणूस. तो जिथे थांबला, त्याच्या एक पायरी वर सौदा तुटतो. पुढच्या लिलावात तो आलाच नाही, तर तेच कार्ड तितकंच दुर्मीळ असूनही अर्ध्यात जातं.

'१/१' छापलेल्या कार्डाला तर तुलनेला दुसरी प्रतच नसते. तिथे त्याच खेळाडूच्या त्याच संचातल्या '/५' आणि '/१०' च्या, म्हणजे पाच आणि दहा प्रतींच्या, कार्डांचे अलीकडचे सौदे काढावेत, ती किती पटींनी वर चढत गेली ते पाहावं, आणि त्या चढणीवरून अंदाज बांधावा. ती कार्डंही विकली जात नसतील, तर '१/१' ला दाम देणारं गिऱ्हाईक बहुधा नाहीच.