शहराच्या हवेतील कार्बनचा माग : पार्श्वभूमी

हवेतील कार्बन डायऑक्साइडचे भरवशाचे मोजमाप सुरू झाले ते शहरांकडे पाठ फिरवून. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ ज्वालामुखीवर सलग नोंदी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज तो आकडा ४२०च्या पुढे गेला आहे. शहरातल्या नोंदी तोवर विस्कळीतच येत, कारण जवळची गिरणी, रस्ता किंवा झाडी आकडा तासागणिक हलवत असे. जो धूर तेव्हा अडथळा वाटला, तोच पुढे अभ्यासाचा विषय झाला.

या इतिहासाचा एक धागा कोकण किनाऱ्याला येऊन मिळतो. दक्षिण गोव्यातील काब द राम येथे १९९३पासून काचेच्या कुप्यांत हवा भरून ती तपासणीसाठी ऑस्ट्रेलियाला पाठवली जाई. जागेची निवड अचूक होती. पावसाळ्यात त्या टोकावर अरबी समुद्रावरून हजारो किलोमीटर आलेली हवा पोहोचते, तर हिवाळ्यात ईशान्येचे वारे उपखंडातील वस्त्या, शेते आणि कारखाने ओलांडून तिथे येतात. एकाच कड्यावर उभे राहून वर्षात दोन वेगळ्या हवा तपासता येतात.

शहराचे मोजमाप याच कल्पनेवर चालते. मुंबईत दुपारी खारे वारे वाहत असताना एक यंत्र किनाऱ्यावर आणि दुसरे शहर ओलांडल्यावर ठाण्याच्या बाजूला ठेवले, तर दोन्ही आकड्यांतील फरक ही शहराने घातलेली भर असते. मात्र तिचे टनांत रूपांतर करायला वाऱ्याचा वेग आणि धूर ज्यात मिसळतो त्या हवेच्या थराची उंची माहीत असावी लागते. रात्री मतलई वारे सुटतात, हा थर जमिनीलगत बसतो आणि तेवढाच धूर आकडा कितीतरी वर नेतो.

फरक कळला तरी उगम कळत नाही, आणि खरी चिकाटी इथे लागते. हान्स सूस यांनी १९५५मध्ये दाखवले की जीवाश्म इंधनाच्या धुराने हवेतील किरणोत्सारी कार्बन-१४ विरळ होत आहे. या कार्बनचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातला निम्मा भाग नाहीसा व्हायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षे असल्याने लाखो वर्षे जमिनीखाली राहिलेल्या कोळशात आणि तेलात तो उरलेलाच नसतो. भातखाचराच्या कोपऱ्यात पालापाचोळा, गवत आणि शेणी रचून भाजलेल्या राबाच्या धुरात मात्र तो असतो, कारण ती पाने अलीकडेच हवेतून कार्बन घेऊन वाढलेली असतात. डोळ्यांना दोन्ही धूर सारखेच करडे दिसतात, पण प्रयोगशाळेत ते वेगळे ओळखता येतात. त्याच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड मोजला, तर वाहनांचा धूर आणि वीजकेंद्राचा धूर यांतही फरक करता येतो, कारण वीजकेंद्रात इंधन अधिक पूर्ण जळते.

दुसरी वाट कागदावरच्या हिशेबाची आहे: इंधन किती खपले, वीज किती वापरली, कचरा किती कुजला. मुंबई महापालिकेचा २०२२चा हवामान कृती आराखडा अशाच हिशेबावर उभा आहे. डहाणूच्या कोळशावरील वीजकेंद्राची बरीच वीज मुंबईच्या उपनगरांत वापरली गेली आहे, तेव्हा धुराडे एका जिल्ह्यात आणि दिवे दुसऱ्या जिल्ह्यात असताना तो धूर कोणाच्या खात्यावर मांडायचा, हे आधी ठरवावे लागते. हवेतले यंत्र धूर निघाला तिथेच दाखवते; कागद तो वापरणाऱ्याच्या नावे टाकू शकतो. माझ्या मते दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले जावेत.

कागद एकटा पुरत नाही, याचा दाखला अमेरिकेत मिळाला. इंडियानापोलिस शहरात २०१०पासून मनोरे आणि विमाने वापरून हवा मोजली गेली, आणि केविन गर्नी यांनी तिथे रस्ता-इमारतनिहाय उत्सर्जनाचा नकाशा तयार केला. पुढे त्यांच्या चमूने २०२१मध्ये ४८ शहरांचे स्वतःचे हिशेब तपासले, तेव्हा ते चमूच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी कमी भरले. २०१४पासून फिरणारा ओसीओ-२ उपग्रहही वरून हा वायू मोजतो, पण त्याला ढगांपलीकडचे दिसत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर कोकणावरच्या नोंदी जमिनीवरच्या यंत्रांनाच घ्याव्या लागतात.