रफार आधी, की अक्षर आधी?

ठाण्याच्या नौपाड्यातील एका मराठी शाळेत चौथीत शिकणारा एक मुलगा ऐकलेली गोष्ट संवादांसह जशीच्या तशी सांगतो, मात्र तीच गोष्ट पुस्तकातून वाचताना चौथ्या ओळीलाच दमतो. त्याच्या वहीत ‘सूर्य’मधला रफार कधी नाहीसा होतो, तर कधी भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. घरात यावर एकच उपाय चालतो, चुकलेला शब्द दहा वेळा लिहिणे. हा उपाय का लागू पडत नाही, हे कळण्यासाठी वाचताना मेंदूत काय घडते ते पाहावे लागते.

माणूस बोलायला आपोआप शिकतो, पण लेखनाचा शोध जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि वाचनासाठी मेंदूत जन्मतः राखून ठेवलेली जागा नाही. वाचायला शिकताना, चेहरे आणि वस्तू ओळखणारा डाव्या बाजूचा मागचा-खालचा भाग अक्षरे ओळखण्याच्या कामाला लागतो आणि बोललेल्या भाषेचे ध्वनी हाताळणाऱ्या भागांशी जोडला जातो. डिस्लेक्सिया म्हणजेच वाचन-अक्षमता असलेल्या मुलांमध्ये ही जोडणी सहज होत नाही. बहुतेकांची अडचण डोळ्यांत नसून, शब्द लहान लहान ध्वनींत फोडण्यात असते. ही अडचण अनेकदा घराण्यात चालत आलेली असते आणि बुद्धिमत्तेशी तिचा संबंध नाही. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी १४ वर्षांच्या अशाच एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा त्याच्या शिक्षकांचे मत असे होते की शिकवणे सगळे तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

देवनागरीत या अडचणीला स्वतःचे असे काही पेच आहेत. ‘किती’ म्हणताना आधी ‘क्’ ऐकू येतो आणि मग ‘इ’, पण कागदावर वेलांटी आधी भेटते. ‘सूर्य’मधला ‘र्’ उच्चारात ‘य’च्या आधी येतो, पण लिहिताना ‘य’च्या डोक्यावर चढतो. त्यातच हा एक ‘र’ ‘प्रकाश’मध्ये वेगळा, ‘ट्रक’मध्ये वेगळा दिसतो, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतला फरक तर मोठ्यांनाही थबकवतो. ज्याला ध्वनींचा क्रमच नीट धरता येत नाही, त्याने तोच शब्द दहा वेळा उतरवला तरी हाताला केवळ आकाराची सवय होते. ध्वनी आणि चिन्ह यांची गाठ सुटलेलीच राहते.

मराठी बरीचशी उच्चाराप्रमाणे लिहिली जात असल्यामुळे अशी मुले पुढे बरोबर वाचू लागतात, पण अतिशय सावकाश. आणि चुका दिसत नसल्याने त्यांना आळशी ठरवले जाते, हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते. याउलट घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी, अशी ठाणे आणि नवी मुंबईत सर्रास दिसणारी परिस्थिती असेल, तर ‘सी’ या अक्षराचा उच्चार कुठे ‘क’ आणि कुठे ‘स’ करायचा, असे प्रश्न पावलोपावली अडवतात. म्हणून तपासणी दोन्ही भाषांत व्हावी. नाहीतर इंग्रजीचा नुसता अपरिचयही अक्षमता म्हणून नोंदला जाईल.

उपाय ध्वनीपासूनच सुरू होतो. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ध्वनी आणि अक्षरे यांचा संबंध पायरीपायरीने रोज शिकवल्यानंतर मुलांचे वाचन सुधारलेच, शिवाय मेंदूच्या डाव्या बाजूच्या वाचनाशी निगडित भागांचे कामही वाढलेले आढळले. आपल्या घरांत यासाठी साधने फार पूर्वीपासून आहेत. गाण्याच्या भेंड्या खेळताना शेवटचे अक्षर पकडणे हा ध्वनी वेगळा काढण्याचाच सराव असतो. त्यापुढे जाऊन ‘सूर्य’ हळूहळू म्हणत प्रत्येक ध्वनीला एक चिंचोका मांडावा, ‘र्’चा चिंचोका ‘य’च्या आधी आला हे मुलाने स्वतः पाहावे, आणि मगच धूळपाटीसारख्या रव्याच्या ताटात बोटाने, मोठ्याने म्हणत तो शब्द लिहावा. रोजची पंधरा-वीस मिनिटे पुरतात; मूल थकले की थांबावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता नोंदलेली असेल, तर केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, जादा देण्याची तरतूद होती. प्रमाणपत्राची प्रक्रिया साधारण आठव्या वर्षानंतर होते, पण मदतीसाठी तोवर थांबण्याचे कारण नाही. नौपाड्यातल्या त्या मुलाला इतिहासाची उत्तरे तोंडी विचारणे, त्याला वर्गासमोर अचानक वाचायला उभे न करणे आणि फळ्यावरचे उतरवून घ्यायला दोन मिनिटे अधिक देणे, हे वर्गशिक्षिका उद्याच्या पहिल्या तासापासून करू शकतात.